भिंतीकडची बाजू

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात सव्वीस वर्षं टाचा झिजवल्यावर सिंधुला एक इमारत मनासारखी बांधायला मिळाली होती, आणि त्या इमारतीत एकही बाई पाऊल ठेवायला तयार नव्हती. त्यापेक्षा नेहमीचीच खोकी बांधत बसले असते तर निदान रात्रीची झोप तरी लागली असती, असं तिला लातूरपासून वाघोरीपर्यंत जीपमध्ये वाटत राहिलं. वाघोरी म्हणजे भूकंपानंतर जुन्या जागेवरून उठवून माळावर नव्यानं वसवलेलं गाव. रस्ते चांगले रुंद, घरं रांगेत, सावली औषधालाही नाही. मे महिन्याची दुपार होती. जीपचा एसी केव्हाच मेला होता आणि पायांवर आलेली सूज सिंधुनं सकाळपासून बघायचीच टाळली होती.

इमारत होती आरोग्य उपकेंद्राची, बाळंतपणासाठी. जुनं उपकेंद्र पत्र्याचं. मागच्या मे महिन्यात तिथं एक ओली बाळंतीण उकाड्यानं बेशुद्ध पडली आणि तिला लातूरला हलवेपर्यंत सालेहा सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. ते ऐकून सिंधु इरेला पेटली. ठरीव नकाशा बाजूला सारून तिनं दीड फुटी दगडी भिंती घेतल्या, गरम हवा निघून जायला छताखाली झरोके ठेवले, पश्चिमेला खिडकीच दिली नाही. अंगणातले दोन कडुनिंब वाचवायला पाया चार हात मागं घेतला. जोत्याला, खिडक्यांवर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे ओतून घेतले, म्हणजे धरणी हलली तरी दगड निसटणार नाही. शेवटी तीन खाटा भिंतींना लावून फरशीत बोल्टनं पक्क्या केल्या. लेकरू भिंतीकडच्या बाजूला राहावं, झोपेत आईच्या कुशीतून खाली पडू नये, एवढाच विचार. त्या खाटांचा तर तिला भारी अभिमान होता.

उद्घाटन होऊन दोन महिने झाले. सात बाळंतपणं झाली आणि सातही पत्र्यात झाली. सोमवारी जिल्ह्याचे साहेब बघायला येणार होते. "वापर नसेल तर खताची पोती ठेवू, मोकळी कशाला सोडायची," असं ते फोनवर अगदी गोडीत बोलले होते. आज शुक्रवार होता.

नासिर मिस्त्री कडुनिंबाखाली वाट बघत बसला होता. तो उदगीरचा. या भिंतींचा दगडन् दगड त्याच्या हाताखालून गेलेला.

"म्याडम, आठवी आली," तो पत्र्याकडं बोट करून म्हणाला. "केवळाबाईची सून. सकाळपासून कळा द्यायलीय. सिस्टरनं लई समजावलं, पण म्हातारी दगडाच्या भित्तीला भ्यायलीय, ऐकायला तयार न्हाई."

सिंधु पत्र्याच्या खोलीत गेली आणि दारातच तिला भट्टीची धग लागली. लाइट गेलेली. सून शिवांगी खाटेवर एका कुशीला पडली होती, कपाळावर ओलं फडकं, ओठ सुकलेले. सालेहा तिची नाडी बघत होती. उशाशी साठीची केवळाबाई पुठ्ठ्यानं वारा घालत होती. सिंधुनं पर्समधला तापमापक काढून खिळ्याला अडकवला. एक्केचाळीस.

"मावशी, पलीकडं चला," ती म्हणाली. "तिथं बत्तीसच्या वर जात नाही. मी मोजलंय."

"न्हाई."

"भिंती पडणार नाहीत. मी लिहून देते तुम्हाला."

"तुमी लिवून दिल्यावर भित्तीला वाचाया येतंय का?"

सिस्टरला अशाही वेळी हसू आलं. सिंधुला आलं नाही. तिचा तोल गेला. "मग आधी का नाही बोललात? ग्रामसभेत विचारलं होतं मी. नकाशा लावून विचारलं. सगळ्यांनी हात वर केले!"

"सभंला बाप्ये गेल्ते," केवळाबाई वारा न थांबवता म्हणाली. "बाळंत हुयाला बाप्ये येणार हायीत का?"

सिंधुत भांडायची ताकद उरली नव्हती. सव्वीस वर्षांत तिनं शाळा बांधल्या, अंगणवाड्या बांधल्या, पण तुला खाट कुठं पाहिजे असं एका बाईला कधी विचारलं नव्हतं. ती तशीच बाहेर पडली, अंगण ओलांडून आपल्या इमारतीत शिरली आणि पहिल्या खाटेवर बसली. कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं, नुसतं टेकायचं होतं. फरशी गार होती. झरोक्यातून येणारी झुळूक मानेवरून गेली आणि बसल्याजागी कलंडून, भिंतीला नाक लावून ती ढाराढूर झोपली.

जाग आली तेव्हा दारात केवळाबाई होती. उंबऱ्यावर बसलेली, एक पाय आत, एक बाहेर. नजर सिंधुवर नव्हती, तिच्या मागच्या भिंतीवर होती.

"लई गाढ झोपलाव," ती म्हणाली. "धा मिंटं हाका मारायलेय."

"सून कशी आहे?" सिंधु धडपडत उठली.

"सिस्टर म्हंती अजून येळ हाय. तुमाला चा प्याया बलवाया आले. तर तुमी भित्तीला चिकटून." ती थांबली. "मला उठून जाववंना. वाटलं, मी गेले आन् हिच्यावर पडली तर."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

"मी मुदखेडची आहे, मावशी," सिंधु म्हणाली. "भूकंपाच्या त्या पहाटे आमच्याकडं नुसती भांडी वाजली होती."

"आमचं सगळं गेलं. माझं पयलं लेकरू सोळा दिसाचं हुतं. बाजंवरनं खाली पडंल म्हून भित्तीकडनं निजविलं. मी अलीकडं हुते म्हून वाचले." तिनं खाटेकडं हात केला, जिथं फरशीत बोल्ट चमकत होता. "तुमी बी तसंच केलाव. तुमची चूक न्हाई. माझी बी नव्हती, पर ते मनाला पटतंय व्हय."

नकाशावर ही खाट काढताना सिंधुची पेन्सिल जराही अडखळली नव्हती, उलट त्या दिवशी ती स्वतःवर खूश होऊन घरी गेली होती. आता भिंतीवरची नव्या चुन्याची चकाकीही तिला बघवेना.

तिनं बाहेर येऊन नासिरला हाक मारली. "नासिरभाई, बोल्ट काढा. तिन्ही खाटा मधोमध घ्यायच्यात."

"नट वेल्डिंगनं पक्के केल्यात, म्याडम, कापाया लागतील. लाइट न्हाई. कटर कसा चालवू? आन् सोमवारी साहेब नकाशा हातात घेऊन उभा राहिला तर?"

"लोखंड कापायची हातकरवत आहे ना? साहेबांचं मी बघते."

"मीच ठोकले, मीच कापायलोय," असं पुटपुटत नासिर कामाला बसला. बारा बोल्ट. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. सिंधुनं खाटेचा पाय धरला, सुजलेल्या पायांवर उकिडवी बसली आणि पहिला बोल्ट सुटेपर्यंत हलली नाही. पहिली खाट मधोमध आली तशी केवळाबाई उठली. खाटेभोवती तिनं एक फेरी मारली, भिंतीपासूनचं अंतर पावलांनी मोजलं, मग दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडून प्रत्येकीला एकेक दगड लावला.

"आता आना तिला," ती म्हणाली.

सालेहा आणि नासिरनं शिवांगीला दोन्हीकडून धरून अंगणातून आणलं. निंबाच्या सावलीत ती एकदा थांबली, कळ जाऊ दिली, मग आत आली.

उन्हं कलताना मुलगी झाली. सालेहानं तिला पुसून, गुंडाळून आईजवळ देताना विचारलं, "कुठल्या अंगाला ठेवू, मावशी? आता दोन्हीकडनं मोकळंच आहे."

भिंत आणि खाट यांच्यामधल्या मोकळ्या जागेत केवळाबाई खाली बसली, एक हात खाटेवर चढवून नातीच्या पाठीमागं धरला. "ठेव हिकडनं," ती म्हणाली. "मी हाय."

सिंधु दारात नकाशा पसरून बसली होती. साहेबांना दाखवायचं तर दुरुस्ती करायला हवी होती. खाटा खोडून मधोमध काढल्या. खाट आणि भिंत यांच्यात किती जागा सोडायची, ते तिला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. तिनं केवळाबाईकडं बघून अंदाज घेतला: एक म्हातारी मांडी घालून बसेल एवढी. तसं लिहिलंही, अक्षरी.

मान वर केली तेव्हा केवळाबाईचा डोळा लागत होता. दिवसभराचा शीण होता तो, त्याहून कितीतरी जुनाही असेल. डोकं एकदा पुढं झुकलं, एकदा सावरलं, आणि मग तिची पाठ हळूहळू मागं कलत जाऊन भिंतीला टेकली. ती दचकली. हात नातीवर घट्ट झाला. भिंत जागची हलली नाही.

"गार हाय की वो," ती म्हणाली, आणि पाठ तिनं काढून घेतली नाही.