ठेकेदाराला नडलेली गाढवी

अल्जीरियाच्या अगदी काठावर एक गाव होतं. त्या गावात यमना नावाची विधवा होती, तिला बुझियान नावाचा एकच लेक होता, आणि त्यांच्या अंजिराखाली बांधलेली मी होते. मी जरगा. राखाडी रंगाची, एक कान फाटका, अशी गाढवी बोलतेय.

समोरची टेकडी मोरोक्कोची. दोन्ही सरकारांचं हाडवैर. ते तोफा घेतात म्हणून हे विमानं घेतात, हे विमानं घेतात म्हणून ते आणखी तोफा घेतात. आमच्या दवाखान्यात मात्र सुई टोचायलासुद्धा माणूस नाही.

आम्हा गाढवांना सरहद्द कुणी शिकवलीच नाही. आमची शाळा वेगळी. उपाशी पोटी पलीकडच्या अंगणात न्यायचं, मीठ लावलेलं जव खाऊ घालायचं. परत आणून इथंही तेच. पंधरा दिवसांत जनावर एकटं ये-जा करतं. पाठीवर पलीकडं विकायच्या आमच्या स्वस्त डिझेलचे कॅन, मागं माणूस नाही. शिपायानं विचारलं, "कुणाची गं तू?" तर मी काय सांगणार! सगळा गाव त्यावरच जगत होता.

मग सरकारनं सरहद्दीवर खंदक खणायला काढला. ठेका मिळाला शहरातल्या लख्दरला. गाव त्याला 'सी लख्दर' म्हणे, म्हणजे लख्दरसाहेब. यंत्रांसाठी लष्कराचं डिझेल यायचं, हिरव्या कॅनमधून.

माझं शिंगरू तेव्हा वीस दिवसांचं. सैल मातीवरून घसरलं ते थेट खंदकात. बुझियान धावला. "सी लख्दर, यंत्र थांबवा! लेकरू आहे खाली!"

"गाढवासाठी देशाचं काम थांबवू? उद्या तुझी आई पडली तरी थांबणार नाही."

यंत्राचा एक धक्का, आणि अख्खा काठ शिंगरावर ढासळला. मी संध्याकाळपर्यंत ओरडत होते. नंतर ओरडणं थांबवलं. लख्दरचा चेहरा तेवढा नीट बघून ठेवला.

बुझियाननं चौकीवर तक्रार केली, तीच त्याला भोवली. लख्दरनं उलट तक्रार ठोकली, "लष्कराचं डिझेल हाच चोरतो, ही त्याची गाढवी." बुझियान कोठडीत गेला. लष्कराच्या चोरीला बारा वर्षं. आणि मला 'पुरावा' म्हणून लख्दर आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेला.

तिथं बघते तर छतापर्यंत हिरवे कॅन! शत्रूला अडवायचा खंदक, आणि त्या खंदकाचं डिझेल हा बाबा शत्रूच्याच मुलखात विकत होता. जिथं खणायचं राहिलं होतं, तिथून. वाहून न्यायला मी. परत यावं म्हणून शेडमध्ये मला मीठ लावलेलं जव घालायचा. मी चाटूनपुसून खाल्लं. सूड घ्यायचा तर पायांत बळ हवं.

आठव्या दिवशी, भर दुपारी, कॅन लादून त्यानं मला सोडलं. मी टेकडीकडे गेलेच नाही. चौकीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि असा गळा काढला की हवालदार मब्रूक चहाचा पेला घेऊनच बाहेर आला.

मागोमाग लख्दर धापा टाकत हजर. "बघा! लेक आत आहे, तर आता म्हातारी चोरतेय!"

यमनाला बोलावलं. ती आली तीच कडाडत, "माझी गाढवी तूच नेलीस, मेल्या! दाढी पिकली तरी लाज नाही!"

"गप्प बसा दोघंही," मब्रूक म्हणाला. तो सरहद्दीवरच वाढलेला, आम्हा गाढवांची शाळा त्याला पाठ. "कॅन उतरवा, हिला मोकळी सोडा. जिथं जाऊन थांबेल, त्याची चोरी."

लख्दर आधी चपापला, मग मिशीत हसला. यमनाचं घर वाटेतच होतं. वर्षानुवर्षांचं दार जनावर आठ दिवसांत कसं विसरेल?

मी निघाले. सगळे मागं. अंजीर दिसला आणि पाय आपोआप वळले. सावली, पाण्याचं डोणं. सकाळपासून घोटभर पाणी नव्हतं पोटात. यमना पुढं धावली, दोन्ही हातांनी मला ढकलू लागली. "नको गं बाई, जरगा, माझ्या दारात नको. माझा लेक जाईल गं!"

"हात लावू नका!" मब्रूक ओरडला.

मी डोण्यात तोंड घालणार, एवढ्यात लख्दर टाळी वाजवून म्हणाला, "झालं! पोहोचली घरी!"

तो आवाज ऐकला आणि माझी तहान मेली. मी तोंड फिरवलं. सरळ पत्र्याच्या शेडपाशी गेले आणि दाराला कपाळ टेकून उभी राहिले.

"किल्ली, सी लख्दर."

"हरवली."

"हरकत नाही. कुलूप तोडता येतं आम्हाला."

कुलूप तुटलं, हिरवे कॅन सापडले, आणि बेड्या घालून त्याला माझ्या मागून नेत होते. मागच्या दोन्ही पायांनी जे द्यायचं ते मी दिलं. लख्दर मातीत लोळला. मब्रूक आभाळाकडे बघत म्हणाला, "आम्हाला काही दिसलं नाही बुवा."

खंदक आता पुरा झालाय. मी थकलेय, आता डिझेलऐवजी घरचं पाणी वाहून आणते. दोन्हीकडच्या सरकारांनो, तुमच्या तोफा तुम्हाला लखलाभ. पण ज्यांच्या दारात खणता, त्यांना एकदा विचारा.

लख्दरला पकडलं त्या दिवशी उन्हं कलताना बुझियान चालत घरी आला. यमनानं आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, "तक्रार करायला कुणी सांगितलं होतं रे तुला?" मग त्याच्या गळ्यात पडून अशी आनंदाची आरोळी ठोकली की अख्खी गल्ली दारात जमली. कुणी कुसकुसचं ताट आणलं, कुणी कोंबडी. बारा वर्षांसाठी जाणारा लेक नवव्या दिवशी सकाळी आपल्या अंथरुणावर उन्हं वर येईपर्यंत घोरत होता, आणि आई त्याला उठवत नव्हती.