पंप बंद होण्याआधी

पितळेची नऊ वजने, पत्र्याची आठ, एक चिमटा, दोन पारडी. सतराच्या सतरा वजने जागेवर, कारण मला कुणी वापरतच नव्हते. मित्रांनो, मी नार्व्याजवळच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना तराजू. स्वभावाने संशयी. वाऱ्यावर आणि घामेजल्या बोटांवर माझा विश्वास नाही. माणसांवर तर त्याहून कमी. मोडेन म्हणून शांताराम सरांनी मला कुलपात ठेवले होते. मुले माझ्याकडे न बघताच गेल्या वर्षीच्या वहीतून माझी वजने उतरवून घेत.

गोवा घटक राज्य झाल्यानंतरचा तो पहिला वायंगण, म्हणजे नदीकाठचे उन्हाळी भात. दहावीतल्या सिद्धीच्या वडिलांच्या शेतात खाणीच्या पंपाचे तांबडे पाणी शिरत होते. त्यांच्या तक्रारीवरून शनिवारी सरकारी अधिकारी पाहणीला येणार होते. पाणी स्वच्छ असा शेरा पडला की तक्रार संपली, आणि भातही.

शुक्रवारी सकाळी सिद्धी पाटातले लिटरभर पाणी घेऊन आली.

तिचा वर्गमित्र साईश हसला. "हें उदक न्हय गो, गुळाचो च्या."

"सर, आयजच मोजूंया. फाल्यां शनिवार, खाणवाले पंप बंद करतले."

"तराजू नाजूक आहे, बाय. मोडला तर?"

"कपाटांत बसून तो कितें करता?"

सरांनी कुलूप काढले.

मला शंका होतीच, ही मुलगी हवा तोच आकडा लिहील. तिने पाणी गाळले आणि गाळणकागद गाळासकट उन्हात सुकवून पारड्यात ठेवला. कागद वजा जाता साडेसात ग्रॅम. साईश लिहू लागला. तिने त्याचा हात धरला. "रांव रे. अजून ओल आसा."

चार वेळा सुकवले, चार वेळा तोलले. शेवटची दोन वजने सारखी आली तेव्हा तिने तो कमी आकडा लिहिला. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणावर विश्वास ठेवला. मित्रांनो, आम्हाला कुलपात जपू नका. वापरून जपा.

शनिवारी पंप बंद, पाट निवळ. बैठक आमच्याच खोलीत भरली. खाणीचे मॅनेजर म्हणाले, "साहेब, पाणी तुम्ही बघितलेच." अधिकारी फाईल मिटू लागले.

सिद्धी उभी राहिली. "काल पंप चालू होता. आम्ही मोजलंय."

"शाळेत अभ्यास कर, बाय," मॅनेजर म्हणाले.

"तोच केलो."

अधिकाऱ्यांनी वही मागितली. मग गाळाचा कागद स्वतः माझ्या पारड्यात ठेवला, चिमट्याने वजने चढवली, काचेचे दार लावले. काटा थांबला.

कागद वजा जाता, वहीत होता तेवढाच: एका लिटरमागे गाळ सहा पूर्णांक चार ग्रॅम.