सैल खिळ्यांचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, पण मित्रांनो, माझं निम्मं आयुष्य आडवं पडूनच गेलं.

१९८१ साली धोंडिराम सुताराने खोक्याच्या फळ्या ठोकून मला बनवलं आणि मुंबईत गोवंडीच्या कचऱ्याच्या डंपिंगशेजारच्या वस्तीत सुगंधाबाईंच्या झोपडीला बसवलं. कुत्री आणि वारा अडवायचा, एवढंच माझं काम.

पहिल्याच वर्षी शेजारचा म्हातारा धाकू तापाने फणफणला. रुग्णवाहिका हमरस्त्यावरच थांबली. ड्रायव्हर गल्लीत पाऊल टाकायला तयार होईना. "पेशंटला इकडे आणा ना," म्हणाला. तेव्हा सुगंधाबाईंनी माझ्या बिजागरीचे खिळे उपटले आणि धाकूला माझ्यावर निजवलं. धाकू वाचला. गल्लीने माझं केवढं कौतुक केलं! तेव्हापासून खिळे सैलच राहिले. कुणी आजारी पडलं की लोक न विचारता मला उचलून न्यायचे.

मग सुगंधाबाईंच्या सुनेवर, मालनवर वेळ आली. सातवा महिना आणि रक्त थांबेना. चौघांनी मला खांद्यावर घेतलं. हॉस्पिटलात कारकुनाने आधी विचारलं, "आडनाव काय?" मग, "राहता कुठे?" उत्तर ऐकून त्याने पेन खाली ठेवलं.

"डंपिंगवाले ना? थांबा तिकडे."

तेवढ्यात मोटारीतून एक बाई आल्या. त्यांचा पाय मुरगळला होता. त्यांना लगेच चाकांची खुर्ची मिळाली. मालन दोन तास व्हरांड्यात माझ्यावर कण्हत होती. माझा नुसता संताप होत होता, पण लाकडाचा संताप कोण विचारतो? बाळ माझ्यावरच जन्मलं आणि रडलंच नाही. मालन कशीबशी वाचली.

महिन्याभराने एक साहेब वस्ती बघायला आले. माझी हकिगत ऐकून खूश झाले. "झकास! प्रत्येक गल्लीत असा एक दरवाजा पाहिजे."

"दरवाजा आहे ना आमच्याकडे, साहेब," सुगंधाबाई म्हणाल्या. "दवाखाना नाय."

साहेब गेल्यावर त्यांनी हातोडी घेतली आणि माझे खिळे पक्के ठोकले. "आता हा कुठे जायचा नाय." मला किती बरं वाटलं!

आठ दिवसांनी समोरची शकु जुलाबाने बेशुद्ध पडली. सुगंधाबाईंनी माझ्या पक्क्या खिळ्यांवरून हात फिरवला. मग त्यांनीच पक्कड आणली.

मित्रांनो, मला रंग नको, तेलपाणीही नको. स्ट्रेचर घेऊन माणसं गल्लीत येऊ देत, आणि हॉस्पिटलात आडनावाआधी दुखणं विचारू देत. त्या दिवशी माझे खिळे खुशाल पक्के ठोका. तोवर सैलच राहू द्या.