आप्पांच्या मांडीवरचा उजेड

"सूनबाई, याचा दिवा चालला बरं का!" आप्पांनी बाहेरून पुन्हा हाक दिली आणि स्वयंपाकघरात सूनबाईने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

दिवा म्हणजे ई-रीडरचा. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आप्पांना छापील पुस्तक झेपत नव्हतं. ई-रीडरवर अक्षर बोराएवढं करता यायचं, पडद्याला आतून उजेड असायचा, त्यामुळे सासऱ्यांचं वाचन आणि खरं सांगायचं तर स्वभावही ताळ्यावर राहिला होता. मांडीवर नात चिमणी, हातात ई-रीडर. मग संध्याकाळी त्यांना कुणाची गरज लागत नसे.

पण दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "अंधुक वाटलं, सावली आली, की त्याच दिवशी या. वाट बघत बसू नका." आप्पांनी ते वाक्य दवाखान्यातच सोडलं. सूनबाई ते घरी घेऊन आली होती.

ती हात पुसत धावत बाहेर आली. ई-रीडर घेतला, चिमणीच्या लाळेने बरबटलेली त्याची कड सवयीने मलमलीच्या रुमालाने खालून वर पुसली आणि पाहिलं. लख्ख उजेड.

"मला तर छान दिसतंय, आप्पा."

"आत्ता झाला बरा. मघाशी अगदी शेवटच्या घटका मोजत होता. तुझा हात लागला की नाटकी पेशंटासारखा उठून बसतो मेला!"

ती हसली, पण ओठांनीच. आपल्याला दिसतं आणि यांना दिसत नाही, याचा अर्थ काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

जेवताना तिने नवऱ्याच्या कानावर घातलं.

"पोरीला शिंक आली तरी तुला न्यूमोनिया दिसतो," तो म्हणाला. "दिवा जात असेल, दुसरं काय!"

"हे दिवे असे जात नाहीत. मी वाचलंय सगळं. वर्षानुवर्षं चालतात, त्यांच्याआधी बॅटरी जाते."

"मग चांगलंच आहे की."

चांगलं कसलं डोंबलाचं! दिवा धड असेल तर बिघाड कुठे आहे, एवढंही याला उमजू नये? मन चिंती ते वैरी न चिंती. घरातली एखादी वस्तू मोडलेली निघावी म्हणून ती जन्मात पहिल्यांदाच मनोमन विनवण्या करत होती.

सकाळी चिमणीला कडेवर घेऊन तिने दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकानातल्या बाईंनी ई-रीडर चपलांच्या रिकाम्या खोक्यात ठेवला आणि झाकण किलकिलं करून आत डोकावून पाहिलं.

"या बघा तुम्हीच. कडेला बारीक दिव्यांची ओळ असते. एखादा गेला तर त्याच्यासमोर काळपट पट्टा पडतो. इथे सगळीकडे सारखा उजेड आहे. ठणठणीत आहे तुमचा दिवा."

"नीट बघा ना. थोडा तरी बिघडला असेल."

"अहो ताई, चांगलं निघालं म्हणून तोंड पाडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतेय!"

दुकानाच्या पायरीवरच तिने डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. आता आप्पांना सांगायचं कसं, या विचारातच तिचा दिवस गेला.

संध्याकाळी ती त्यांच्या शेजारी दुपट्यांच्या घड्या घालत बसली. घडी एकही धड होत नव्हती, कारण नजर सगळी आप्पांवर. ते डोळे बारीक करतायत का? मान तिरकी होतेय का? चिमणी मांडीवर रेलून बोट चोखत होती. चोखून झालं, तसं तिने ते ओलं बोट ई-रीडरच्या कडेवर टेकवलं आणि सर्रकन खाली ओढलं. परत वर नेऊन टेकवलं, परत ओढलं.

"बघ, बघ! चालला!" आप्पा ओरडले.

आणि तो खरोखरच चालला होता. तिलाही अंधुक दिसत होता! तिने झडप घालून ई-रीडर घेतला. हात आपोआप रुमालाकडे गेला, कड खालून वर पुसली गेली आणि पडदा लख्ख झाला. तिने मुद्दाम बोट वरून खाली ओढलं. अंधार. खालून वर. उजेड. ही सोय यंत्रात पहिल्यापासून होती, घरातल्या कुणालाच तिचा पत्ता नव्हता.

ती दुपट्यांच्या ढिगातच बसली आणि हसताहसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अगं, झालं काय?"

तिने करून दाखवलं.

"म्हणजे लेकीने विझवायचं, आईने पेटवायचं, आणि मी मधल्यामध्ये आंधळा!" आप्पा खदखदून हसले. मग चष्मा काढून उगीचच पुसत बसले. "दिवा दिवा म्हणत होतो गं मी. डोळा म्हणायचा धीर होत नव्हता."

"मलाही नाही झाला, आप्पा."

तिने ढिगातलं एक दुपटं उचलून त्याची नीट घडी घातली.

"उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय. वेळ घेतलीय मी."

"आता कशाला? सुंठीवाचून खोकला गेला ना?"

"गेला. तरी सुंठ चाटवणार."

आप्पांनी तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणाले नाहीत. तिने सेटिंगमध्ये शोधून ती कडेची सोय बंद केली आणि ई-रीडर त्यांच्या हाती दिला.

चिमणीने बोट ओलं करून खाली ओढलं. उजेड तसाच. पुन्हा ओढलं. तरी तसाच. तिने मान वर करून आजोबांकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच काहीतरी मोडून ठेवलंय.

"रडू नकोस," आप्पा म्हणाले. "दिवा गेला नाही तुझा." आणि त्यांनी पान उलटलं.