बंद जाळ्या

आमचा भोंगा रडायचा थांबला तेव्हा घरात सगळे खूश होते. हे आधीच सांगून टाकते.

भोंगा म्हणजे माझा मुलगा. नाव छान ठेवलंय हो, पण अजून धड बसायलाही न आलेलं पोर असा काही गळा काढायचं की पलीकडचे भिंतीवर थापा मारायचे. त्याच्या बापाने लाडाने भोंगा म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. मी कामावर परत रुजू झाले तेव्हा जागरणांनी माझे नाकी नऊ आले होते. शेवटी सासूबाईंनी त्याला आपल्या खोलीत घेतलं आणि मला सांगितलं, जा, झोप. एरवी आमचं रोज भांड्याला भांडं लागतं, पण त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

थंडी वाढली आणि घराने नखरे सुरू केले. आमच्या तळघरात गॅसवर चालणारा मोठा हीटर आहे. तो हवा तापवतो आणि भिंतींमधल्या पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत सोडतो. प्रत्येक खोलीत जमिनीलगत एक जाळी आहे, तिथून ती हवा येते. त्या हिवाळ्यात आमच्या जाळ्यांतून काही येईचना. जेवताना अंगात कोट आणि रात्री अंगावर दोन-दोन रजया. हीटर मधेच बंद पडायचा आणि थोड्या वेळाने आपला आपणच घुरघुरत चालू व्हायचा. सासूबाईंची खोली तेवढी मस्त ऊबदार. ती हीटरच्या बरोबर डोक्यावर आहे, म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो.

आता हीटर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, यावरून नवऱ्याशी माझं जुंपलं. तो म्हणजे चालढकलीचा बादशहा. इतकी वर्षं चाललाय, एखादा भाग बदलू, उन्हाळ्यात बघू. मी म्हटलं, उन्हाळ्यात हीटर कोण बघतं? मग मीच अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक निघाला तोंडाचा फटकळ आणि भारी बोलका. मीही सोडते होय? हीटर किती वर्षं टिकतो, फिल्टर कधी बदलायचा, दुरुस्ती कुठवर करत राहायची, एवढा आवाज का करतो, एकेक विचारत सुटले. त्यानेही सगळ्याची उत्तरं दिली, वर आपल्या मेहुण्याने स्वस्तातला हीटर घेऊन कशी फजिती करून घेतली तेही ऐकवलं. बोलता बोलता तो जाळ्या बघत हिंडत होता. हॉलमधल्या जाळीपाशी वाकला, ती उघडायचा-मिटायचा खटका चाचपला आणि म्हणाला, हा बंद का? खटका तर बंद होताच, वर आत चादरीची घडी कोंबलेली होती. स्वयंपाकघरात तेच. आमच्या खोलीत पलंग सरकवला, तर तिथेही तेच.

माझं डोकं सणकलं. आम्ही इकडे कुडकुडतोय आणि हे उद्योग कुणाचे, ते विचारायची गरजच नव्हती. सासूबाईंना हाक मारली. त्या कपाळाला रुमाल बांधून बाहेर आल्या आणि अगदी कौतुकाने सांगू लागल्या, की रिकाम्या खोल्या तापवून काय करायचंय, म्हणून सगळी ऊब मी बाळाच्या खोलीकडे वळवली. थंडी पडायला लागली तेव्हापासून.

मेकॅनिकची टकळी थांबली, तिथेच मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग तो हळू आवाजात म्हणाला की हवेला बाहेर पडायला जागा उरली नाही तर हीटर आतल्या आत फार तापतो. म्हणूनच तो सारखा बंद पडत असणार. तापून तापून आतल्या लोखंडाला तडा जातो आणि जळलेल्या गॅसचा विषारी वायू घरातल्या हवेत मिसळतो. त्याला ना वास, ना रंग. त्याने विचारलं, कुणाचं डोकं दुखतंय का? सासूबाई म्हणाल्या, माझं तर रोजच दुखतं, आता वय झालं.

"आणि बाळ?"

"बाळ मजेत आहे," मी म्हटलं. "परवापासून रडतसुद्धा नाही. नुसतं झोपून असतं."

वाक्य माझंच, पण त्याचा अर्थ मला ते कानावर पडल्यावर कळला.

खोलीकडे कोण आधी धावलं ते आठवत नाही. मेकॅनिकने पिशवीतून काढलेला, तो वायू मोजायचा मीटर उंबऱ्यातच किंचाळायला लागला. मी भोंग्याला उचललं तर त्याची मान माझ्या दंडावरून खाली कलली. एरवी उचलायचा अवकाश, हा माझे केस मुठीत धरून ओढतो. मी माझी बट त्याच्या हातात दिली. हात नुसता उघडा राहिला.

मेकॅनिकने गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि आम्हाला आपल्या गाडीत कोंबलं. मी अनवाणीच होते. रस्ताभर मी पोराच्या तळपायाला चिमटे काढत होते. अर्धवट डोळे उघडायचा आणि परत मिटायचा. मिटले की मी आणखी जोरात चिमटा काढायचे. शेजारी सासूबाईंना ओकारी झाली आणि मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मनातल्या मनात त्यांना जे जे बोलले ते माणसाने माणसाला बोलू नये.

हॉस्पिटलमध्ये त्याच्या नाकातोंडावर मास्क बसवला. एवढासा चेहरा, सगळा मास्कखाली गेला. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, वेळेत आणलंत. आजची रात्र तिथेच काढली असती तर, एवढं बोलून त्या मास्कची पट्टी आवळायला वळल्या. नवरा धापा टाकत आला. तो माझा खांदा धरून उभा राहिला. संध्याकाळी भोंग्याने मास्कची नळी पकडून ओढली, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

तो वाचला. नीट आहे. पुन्हा पुन्हा तपासून डॉक्टरांनी तसं सांगितलंय, तरी मला दर वेळी आधी धडकी भरते.

नवा हीटर बसला. या वेळी वाद घालायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. मेकॅनिक शेवटचे स्क्रू आवळत होता, तेव्हा सासूबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी जाळ्या बंद केल्या, म्हणून झालं का हे?"

एवढा बोलका माणूस, पण त्याने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तो म्हणाला, जुना झाला होता हो हीटर, मावशी.

"ते नाही विचारलं मी."

"हो," तो म्हणाला. "त्यानेच झालं."

त्यांनी मान हलवली आणि आपल्या खोलीत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी बाळाला हात लावला नाही. त्याचे कपडे धुवायच्या, घड्या करायच्या, दुधाच्या बाटल्या उकळून ठेवायच्या. पण त्याने हात पसरले की काहीतरी काम काढून आत निघून जायच्या. आणि खरं सांगू, मला ते बरंच वाटायचं. माझा धीरच होत नव्हता. मी त्याला शेजाऱ्यांच्या हातातही देत नव्हते, रात्री तासातासाला उठवून बघत होते, आणि त्यापायी कामावर दोनदा बोलणी खाल्ली होती. असं किती दिवस चालणार?

एका सकाळी मी सरळ गेले आणि त्याला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"धरा याला. मला आंघोळ करायचीय."

त्यांनी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "अगं, तू इथेच थांब ना."

"मला उशीर होतोय, आई."

बाथरूमचं दार काही माझ्याने लावलं गेलं नाही, उघडंच ठेवलं. अंगावर चार तांबे घेतले की मी नळ बंद करायचे आणि श्वास रोखून कान द्यायचे. आणि दर वेळी नळ बंद झाला, की बाहेरून सासूबाईंचा आवाज यायचा, "जागा आहे गं. जागा आहे."