किल्ल्यासमोरचा नेचा

सकाळी आठ वाजता माळीकाम करणारी रोलांद पोत्रेल किल्ल्याच्या दारासमोर उभी राहून नेच्याच्या मेलेल्या रोपांना पाणी घालत होती. पानं तपकिरी होऊन दुमडली होती. तिनं एक देठ ओढला, तो अलगद हातात आला.

"चारच दिवस!" ती स्वतःशीच चडफडली.

वाफ्यात रानातला नेचा लावायचा हा हट्ट ओबँ तिसों सरांचा. ते किल्लामित्र मंडळाचे अध्यक्ष आणि शाळेत तिला इतिहास शिकवलेले. फ्रेंच भाषेत नेचा आणि गावाचं नाव एकच, फुजेर. गावाच्या मानचिन्हातल्या ढालीवरही नेच्याचंच चित्र. पण मंडळातले निवृत्त इंजिनीअर मोरिस बालू आठ वर्षं एकच धोशा लावून बसले होते, की नाव नेच्यावरून नाही, खंदकासाठीच्या जुन्या लॅटिन शब्दावरून पडलंय. पावाच्या दुकानातल्या रांगेतसुद्धा दोघं भांडायचे. महिनाअखेरीस प्रांताच्या सीमेपलीकडून, नॉर्मंडीतून पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यासमोर भाषण करताना सरांना पायाशी खराखुरा नेचा हवा होता.

"सर, ही भिंत दुपारभर तापते. आणि रानातला नेचा उपटून लावला की जगत नाही," रोलांदनं आधीच सांगितलं होतं.

"अगं, जंगलभर माजलाय तो! शेतकरी त्याच्या नावानं रडतात. आणि म्हणे जगत नाही!"

"तिथं माजलाय. इथं नाही माजणार."

"वर्गातही तू अशीच. आधी नाही म्हणायचं, मग विचार करायचा."

दुसऱ्या खेपेला तिनं जंगलातून पालापाचोळ्याची माती आणली, वर गोणपाटाची सावली धरली. सहा दिवस टिकला. नवरा झोएल जेवताना म्हणाला, "प्रगती आहे. या हिशोबानं नाताळपर्यंत जगेल." तिनं गॅलेटची, धिरड्यांची बशी त्याच्यापुढं जरा जोरातच आदळली.

मग ती मुकाट्यानं रोपवाटिकेत गेली आणि कुंड्यांतला हिरवागार नेचा घेऊन आली. सरांनी चष्मा लावला, पान उलटून पाहिलं.

"हा रानातला नाही. दुकानातला आहे."

"नेचाच आहे, सर!"

"मोरिसला कळेल. भर सभेत बोलेल तो."

"म्हणजे हा सगळा खटाटोप मोरिसकाकांसाठी?"

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. रोलांदनं कुंड्या उचलून गाडीत टाकल्या, पुढचं दार उघडलं आणि म्हणाली, "बसा. जंगलात जाऊ. परवानगीचा कागद आहे ना तुमच्याकडं? आज तुम्ही काढायचा नेचा."

उंच बीच वृक्षांखाली कमरेएवढा नेचा दाटला होता. तिनं सरांच्या हातात फावडं दिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण मागं हटला नाही. खणलं. बोटाएवढं जाड काळं मूळ लागलं. ते खाली जाण्याऐवजी आडवंच पळालं, एका झाडाच्या बुंध्याखाली शिरलं आणि ओढताच तुटलं. दुसरं तुटलं. तिसरंही. सरांचा शर्ट पाठीला चिकटला.

"जरा उजवीकडून बघू," ते धापा टाकत म्हणाले.

"पुरे आता, सर. बसा."

ते पडलेल्या ओंडक्यावर बसले. "चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं गं मी. मोरिस म्हणतो, ही माझी नुसती गोष्ट आहे."

"नाव नेच्यावरून पडलंही असेल. मी कुठं नाही म्हणतेय? पण तेवढ्यासाठी तो भिंतीपाशी उन्हात उगवणार नाही."

तिला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच चीड आली. तीन आठवडे फुकट गेले होते. दुसऱ्यांच्या बागांची कामं तुंबली होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाहुणे आले तेव्हा वाफ्यात बेगोनियाची लाल फुलं होती. सर भाषणाला उभे राहिले. गावाच्या नावापाशी आले तोच मागून मोरिस ओरडले, "नेचा कुठाय, ओबँ?"

लोक हसले. सरांच्या हातातले कागद खाली पडले, कुठलं पान कुठलं ते त्यांना सापडेना.

"मी मारला!" रोलांद जोरात म्हणाली. "दोनदा. आता बोलू द्या त्यांना!"

सरांनी उरलेलं भाषण कागदाशिवाय केलं, निम्मं विसरून. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बेगोनियांचे फोटो काढले. एकीनं तर रोलांदला विचारलं, "ही फुलंच का तुमच्या गावाची खूण?"

ती पाण्याची नळी गुंडाळत होती तेव्हा मोरिस आले. "रोलांद, पुढच्या वर्षी इथं जुन्या धाटणीचा छोटा खंदक खणून दाखवायचा का? तूच करशील ना?"

"स्वतः खणा, काका," ती म्हणाली आणि गाडीकडं गेली.

सर पुढच्या सीटवर बसून तिची वाट पाहत होते. घरी सोडायचं होतं त्यांना. तिनं दार लावलं.

"रोलांद," ते हळूच म्हणाले, "सप्टेंबरात, ऊन उतरल्यावर लावला तर नेचा?"

 तिनं गाडी सुरू केली आणि चढाला लावली.