नाव घातलेला रोबो

"केटरिंग मागच्या गेटनं," सिक्युरिटीवाला म्हणाला आणि त्याने हेमाच्या हातातल्या पोत्याकडे काठीने खूण केली.

"आम्ही केटरिंगवाल्या नाही," मी म्हटलं.

"मग पोत्यात काय हाय?"

"रोबो," हेमा म्हणाली.

त्याने पोत्यात हात घातला. परात निघाली, पातेलं निघालं, वाट्यांची चळत निघाली आणि शेवटी झारा. झारा हातात धरून तो आमच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात एक हिरवा मुलगा धावत आला, हिरवा म्हणजे कपाळापासून कोपरापर्यंत रंगवलेला. "काका, सोडा त्यांना, त्या कॉम्पिटिशनवाल्या आहेत." सिक्युरिटीवाल्याची खात्री काही पटली नव्हती, पण हिरव्या माणसाशी वाद कोण घालणार. सोडलं त्याने.

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोमागच्या त्या हॉलमध्ये एरवी मुंजी आणि साखरपुडे होतात. त्या रविवारी विज्ञानकथाप्रेमींचा मेळावा होता. हॉलवाल्यांनी 'सुस्वागतम्'ची झेंडूची कमान तशीच ठेवली होती आणि पोरांनी तिच्या खाली पुठ्ठ्याचं यान उभं केलं होतं. उद्घाटनाला समई होतीच. प्रमुख पाहुणे अंतराळवीराच्या पोशाखात आलेले, त्यांना जाड हातमोज्यांत काडी धरता येईना. तीन वेळा काडी विझल्यावर वल्लरी माझ्या कानात म्हणाली, "हे चंद्रावर जाऊन काय करणार गं?"

आम्ही तिघी डोंबिवलीच्या. मी क्षिप्रा, ही वल्लरी आणि ती हेमा. आमची मैत्री वाचनालयातल्या एका कपाटापाशी झाली, ते कपाट विज्ञानकथांचं. बाकीच्या बायका पाककृती आणि अध्यात्म यांच्यात येरझारा घालायच्या, आम्ही मंगळावर. ग्रंथपाल आम्हाला 'परग्रहवाल्या' म्हणायचा, आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने.

हेमा पतपेढीत कारकून होती, नुकतीच निवृत्त झाली. उभ्या आयुष्यात तिने रांग मोडली नाही की आवाज चढवला नाही. आईवडील गेल्यापासून एकटीच राहते. जेवणानंतर एखाद्याला बडीशेप लागते, तशी तिला झोपण्यापूर्वी विज्ञानकथा लागते. एवढंच तिचं व्यसन.

आणि तिच्या माळ्यावर भांडी होती.

ऐन पंचविशीत तिचं लग्न ठरलं होतं. केळवणं झाली. आपल्याकडे केळवणाला नुसतं जेवू घालून भागत नाही, हातात एखादं स्टीलचं भांडं ठेवतात, आणि ते दुकानातून नाव घालून आणतात. कोणाला, कशाप्रीत्यर्थ आणि मुख्य म्हणजे कोणाकडून. लग्नाला चार दिवस उरले असताना मुलाने त्याच्या ऑफिसातल्या एकीशी रजिस्टर लग्न केलं. हॉल रद्द झाला, आचारी रद्द झाला. भांडी कशी रद्द होणार? नाव घातलेलं भांडं दुकानदार परत घेत नाही. नातेवाईक म्हणाले, दिलेलं परत कसं घ्यायचं. तेव्हापासून ती माळ्यावर पोत्यात पडून. हेमाच्या आईने कधी वापरली नाहीत, हेमाने तर नाहीच नाही. कामवालीला द्यायची सोय नव्हती, कारण तिला वाचता येतं.

आता हेमाची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर घर रिकामं करायचं, माळ्यासकट. नाक्यावरचा भंगारवाला जुनी भांडी दारात टांगतो, तीही नाव रस्त्याकडे करून. म्हणजे अख्ख्या गल्लीने जातायेता वाचायचं. मग या मेळाव्याची आणि त्यातल्या वेशभूषा स्पर्धेची जाहिरात आली आणि हेमा शांतपणे म्हणाली, "मी रोबो होते."

आम्हाला वाटलं, हिची तब्येत बरी नाही.

"एकदा तरी उजेडात येऊ देत," ती म्हणाली. "मग बघू कुठे टाकायची ते. पण नाव कुणी वाचायचं नाही. लोकांनी रोबो बघावा. मला कुणी बिचारी म्हटलेलं मी या वयात ऐकून घेणार नाही."

तिने प्रत्येक नावावर चंदेरी चिकटपट्टी लावली. छातीला परात, पाठीला ताट, खांद्यांवर आणि गुडघ्यांवर वाट्या, डोक्यावर पातेलं, पातेल्यातून वर झारा. बांधायला परकराच्या नाड्या. माझ्या घरी रंगीत तालीम झाली तेव्हा खालच्या मजल्यावरून निरोप आला की भांडी घासायची ही काही वेळ नाही.

तर त्या हॉलमध्ये कपडे बदलायला बायकांना जी खोली दिली होती, तिच्या दारावर पाटी होती, 'वधूपक्ष'. हेमाने पाटी वाचली आणि आत गेली. मी मागे राहून पाटी उलटी केली. मागच्या बाजूला 'वरपक्ष' होतं. मेल्यांनी पाटीतसुद्धा काटकसर केलेली. पुन्हा सुलटी केली.

स्पर्धेला वेळ होता, म्हणून हेमा आणि मी कालप्रवासावरचं भाषण ऐकायला गेलो. वल्लरी म्हणाली, "तुम्ही जा, मी भांड्यांपाशी बसते." इथेच आमचं चुकलं. वल्लरी ही अशी बाई आहे की दुसऱ्याच्या घरी चहा प्यायली तरी कप विसळून, पालथा घालून, मग निरोप घेते. तिला आणि भांड्यांना एका खोलीत एकटं सोडायचं नसतं.

आम्ही परत आलो तर भांडी लख्ख. बेसिनवर धुऊन, पुसून, उतरत्या क्रमाने सतरंजीवर मांडलेली. एकावरही चिकटपट्टी नाही.

"किती ओंगळ दिसत होत्या गं त्या पट्ट्या," वल्लरी पदराला हात पुसत म्हणाली. "कडा सुटलेल्या, त्यात कचरा अडकलेला. चिकटा निघता निघत नव्हता. बघ आता, आरशासारखी झाली की नाही?"

मी परातीकडे बोट दाखवलं. मग वल्लरीने परातीकडे पाहिलं, परातीवर टपोऱ्या ठिपक्यांत लिहिलेलं वाचलं, आणि मटकन खालीच बसली.

"अगं माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली. "हातांनीच केलं सगळं."

चिकटपट्टीचं रीळ डोंबिवलीला. बाहेर नंबर पुकारायला लागलेले. मी म्हटलं, "सोड हेमा. पोतं भरू, बाहेर कुठेतरी वडापाव खाऊ आणि घरी जाऊ. कोणाला कळणारही नाही." वल्लरी रडत होती आणि रडता रडता एका वाटीवरचा पाण्याचा डाग पुसत होती. तिला मारावंसं वाटत होतं मला.

हेमाने परातीवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग उठून उभी राहिली आणि दोन्ही हात बाजूला पसरले.

"बांध," ती म्हणाली.

"अगं पण..."

"पुन्हा पोत्यात नाही घालणार मी त्यांना. बांध."

आम्ही बांधलं. नाडीच्या गाठी मारताना सगळ्या वाट्या किणकिणत होत्या. मी माझ्या देवाला सांगितलं की स्टेजवरचे दिवे जाऊ देत. ठाण्यात एरवी जातात, त्या दिवशी गेले नाहीत.

स्टेजवर हेमाच्या आधी एक मुलगा पंख लावून आला होता. पंखांत दिवे, दिव्यांना बॅटरी. टाळ्या थांबेनात. त्याच्यामागून आमची हेमा, पावलागणिक खणखणत. लोक हसले, पण वाईट हसले नाहीत. सूत्रसंचालन करणारी कल्पिता नावाची मुलगी होती, तोंडाचा पट्टा थांबत नव्हता तिच्या.

"पृथ्वीवासीयांनो," हेमाने पाठ केलेलं भाषण सुरू केलं, "मी इसवी सन दोन हजार नव्वदमधून..."

"वेट वेट, काकू, एक मिनिट. हे काय लिहिलंय?" कल्पिता माईक घेऊन परातीशी वाकली आणि सगळ्या हॉलला वाचून दाखवलं, "चि. सौ. कां. हेमा हिस केळवणाप्रीत्यर्थ सप्रेम भेट. मावशी, गिरगाव."

हॉल खदखदून हसला. कुणीतरी शिट्टी मारली. "काय भारी आयडिया आहे यार," कल्पिता म्हणाली. "म्हणजे ही तुमच्या लग्नातली भांडी? काका आलेत का? काका कुठे आहेत, हात वर करा. काकांना स्टेजवर बोलवूया का?"

"काका, काका," पोरं ओरडायला लागली. वल्लरीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मला पळत जाऊन त्या पोरीच्या हातातला माईक काढून घ्यावासा वाटला.

"काका नाहीत," हेमा म्हणाली. पातेल्याखालून तिचा आवाज जरा घुमला. "लग्न झालंच नाही. चार दिवस आधी मोडलं. तोवर केळवणं झालेली होती."

कल्पिताचा चेहरा उतरला. "सॉरी काकू, मला खरंच..."

"सॉरी कशाला?" हेमा म्हणाली. "तू वाचलंस, चांगलं वाचलंस. आता एकीचं वाचून बाकीच्यांना सोडू नकोस, राग येईल त्यांना. हा डावा खांदा वाच. ती आत्या आहे."

कल्पिताने घाबरत घाबरत वाचलं. हेमा म्हणाली, "आत्याकडे पुरणपोळी होती. वर तूप इतकं की पोळी दिसेना. गेली आता आत्या. उजवा खांदा वाच."

"काकू, नागपूर."

"काकूकडे वडाभात. बाबांना तिखट लागलं, त्यांनी पाणी पीत पीत तीनदा वाढून घेतला. गुडघे वाच."

"पतपेढीतील सहकारी."

"श्रीखंड. आंबलेलं होतं. कुणी बोललं नाही, सगळ्यांनी संपवलं."

आता हसू आलं, आधीपेक्षा मोठं. हेमा खणखणत पाठमोरी झाली आणि पाठीवरचं ताट दाखवलं. मामा-मामी. मागून कुणीतरी विचारलं, "मामींकडे काय होतं काकू?" आणि मग प्रत्येक भांड्याला अख्खा हॉल एका सुरात विचारायला लागला, काय होतं? हेमा सांगत गेली. बासुंदी, भरली वांगी, अळूची भाजी. ज्या बाईने पतपेढीत उभ्या जन्मात कोणाला मोठ्याने हाक मारली नाही, ती डोक्यावर झारा घेऊन तीनशे माणसांना मेनू सांगत होती. मी रडत होते, सरळ सांगते. वल्लरी तर काय, नळच.

"भाषण राहिलंय ना काकू तुमचं?" शेवटी कल्पिताने विचारलं.

"राहू दे," हेमा म्हणाली. "भूक लागली."

पहिलं बक्षीस पंखवाल्याला मिळालं, ते रास्तच होतं. हेमाला काहीच मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, पोशाखात विज्ञान कमी आहे.

जेवायला मिसळ होती. अंदाजापेक्षा माणसं जास्त आली आणि कागदी डिश संपल्या. हिरवा मुलगा, परग्रहवासी, अंतराळवीर, सगळे हात हलवत रांगेत उभे. हेमाने पाहिलं, मग खाली वाकून गुडघ्यावरच्या वाट्यांच्या नाड्या सोडायला लागली. तिच्याने गाठी सुटेनात, तेव्हा वल्लरी पुढे झाली. खांदे सुटले, पाठ सुटली, पातेल्यात कांदा चिरून घेतला, झारा मिसळवाल्याने घेतला. चि. सौ. कां. हेमाच्या केळवणाच्या वाट्यांतून तिला न ओळखणाऱ्या पोरांनी रस्सा भुरकला. हेमाने स्वतःची मिसळ थेट परातीत घेतली आणि पायरीवर मांडी घालून बसली.

"तिखट आहे," ती म्हणाली. "पण मावशीकडच्यापेक्षा बरी."

जेवणं झाल्यावर पोरं एकेक करून वाट्या धुऊन आणायला लागली. सगळ्यात आधी कल्पिता आली. तिच्या हातात आत्याची वाटी होती. ती देताना पोरीचा हात जरा रेंगाळला.

"हवीय का तुला?" हेमाने विचारलं.

"मला? नको काकू, म्हणजे... नाव आहे तुमचं त्याच्यावर."

"असू दे की. त्यात दही लाव. आत्याला आवडायचं."

मग रांगच लागली. काकू नागपूर हिरव्या मुलाकडे गेली. पतपेढी दोन परग्रहवासीयांत वाटली गेली. पातेलं मिसळवाल्याने मागून घेतलं. मामा-मामींचं ताट सिक्युरिटीवाल्याने नेलं, वर म्हणाला, "मी तवाच बोललो हुतो." हेमा प्रत्येकाला सांगत होती, कशात काय ठेव, काय ठेवू नको.

शेवटी पंखवाला आला, बक्षिसाची ढाल काखेत धरून. एव्हाना काहीच उरलं नव्हतं. त्याने हेमाच्या मांडीवरच्या परातीकडे पाहिलं. "काकू, ही?"

हेमाने परात पदराने कोरडी केली.

"ही नाही देणार, बाळा," ती म्हणाली. "संध्याकाळी कणीक मळायची आहे."